निवृत्तीनंतर डोंबिवली सोडायची आहे: नाशिक, वाई की चिपळूण-दापोली?

कैरीपन्हं | ८ जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढते आहे.

डोंबिवली पूर्वेला आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. मेअखेर घर रिकामं करायचं. बिल्डर चार वर्षं भाडं देणार, मग नवीन फ्लॅट. यजमान त्याच सुमारास बँकेतून निवृत्त होतील. मी शिकवण्या बंद केल्या आहेत. मुलगी कॅनडात, मुलगा-सून-नातू पुण्याला बाणेरमध्ये. सासूबाई ८३ वर्षांच्या, आमच्याजवळच असतात. घरात काठी घेऊन फिरतात, जिना जमत नाही.

आता सगळं उचकटायचंच आहे तर परत डोंबिवलीतच भाड्याने कशाला राहायचं, असा विचार चालू आहे. यजमानांच्या डोक्यात कोकण. मूळ गाव गुहागर तालुक्यात, पण ते घर अकरा चुलतभावंडांत अडकलेलं, त्यामुळे चिपळूण किंवा दापोली. माझ्या मनात वाई, कारण मुलगा जवळ राहील. धाकटी नणंद नाशिकला असते, ती म्हणते इकडेच या. डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा की ठेवायचा हेही ठरलेलं नाही. विकला तर हातात साधारण ५५-६० लाख येतील. मला वाचनालय, भाजी आणि डॉक्टर चालत जाता येईल अशा अंतरावर हवेत. गाडी नाही, यजमानांची स्कूटर आहे. 

कोणी असं स्थलांतर केलं असेल तर सांगा. खरं खरं सांगा, गोड नको.

गोदाकाठचा | ८ जानेवारी, रात्री १०:०३

नाशिकला डोळे मिटून या. आम्ही ठाण्याहून आलो, परत जायचं नाव कोणी काढत नाही. मे महिन्यात दुपारी तापतं, पण हवा कोरडी, आणि संध्याकाळी गार वारा सुटतो. डोंबिवलीचा घामट उकाडा विसराल. पंचवटी एक्स्प्रेस कल्याणला थांबते, म्हणजे जुन्या मैत्रिणींना भेटून संध्याकाळी परत येता येतं. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला. तुमच्यासारख्यांना अजून काय हवं!

भागांबद्दल: कॉलेज रोड, गंगापूर रोड चांगले पण महाग. इंदिरानगर, गोविंदनगर सपाट आहेत, ज्येष्ठ मंडळी पुष्कळ, पायी फिरण्यासारखे. पाथर्डी फाट्याकडे जागा स्वस्त मिळते, पण मग प्रत्येक कामाला रिक्षा. नाशिक रोडला स्टेशन जवळ, गाव लांब.

खडूस | ८ जानेवारी, रात्री १०:२०

गोदाकाठचा यांनी २०२७ चं सिंहस्थ सोयीस्कर विसरलेलं दिसतंय. रस्ते खणलेले, भाडी चढलेली, आणि पर्वण्यांच्या दिवसांत घराबाहेर पडायची चोरी.

कैरीपन्हं ताई, तुम्ही वाचनालय विचारलंत, भाजी विचारलीत. सासूबाईंना रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर काय, हा प्रश्न यादीत तिसरा कसा?

गोदाकाठचा | ८ जानेवारी, रात्री १०:४१

खडूस, सिंहस्थ बारा वर्षांनी एकदा येतं. आणि गर्दी रामकुंड, पंचवटी, तपोवन, त्र्यंबक या बाजूला. इंदिरानगरात दूधवाला रोज येईल, काळजी नको. रस्त्यांचं मात्र मान्य. जे खणलंय ते खणलंय.

पुराचंही सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी काढेलच. पूर आला की नाशिककर एकमेकांना विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला की गळ्याला. २०१९ च्या ऑगस्टमध्येही सगळे हेच विचारत होते. पण ते नदीकाठाचं आणि सराफ बाजाराचं. नदीकाठी घर घेऊ नका, संपलं.

जांभा | ९ जानेवारी, सकाळी ७:३५

चिपळूणवर मीच बोलतो, जन्माने तिथला आहे आणि आजही तिथेच राहतो.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही चढल्या, त्यात भरतीची वेळ, आणि वर डोंगरात पाऊस थांबायला तयार नाही. बाजारपेठ, चिंचनाका, खेर्डी, सगळीकडे पाणी. आमची जुनी माणसं २००५ च्या पुराची खूण भिंतीवर दाखवायची. या पुराने ती खूण मागे टाकली. लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरातही पाणी शिरलं. तुम्ही वाचनालय म्हणालात म्हणून आठवलं.

त्यानंतर नदीतला गाळ काढायचं काम झालं, उपयोगही झाला. पण वाशिष्ठी ही साधी नदी नाही. कोयनेच्या वीजप्रकल्पातून निघालेलं पाणी तिच्यातच उतरतं. त्यामुळे चिपळुणात घर बघताना एजंट काय सांगतो ते ऐकून घ्या आणि मग नगरपरिषदेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. लालच्या बाहेरच घ्या. आणि शेजारच्या दुकानदाराला नुसतं "एकवीस सालच्या पुरात पाणी कुठवर होतं?" एवढं विचारा. तो हात वर करून दाखवेल. एजंट त्या वेळी मोबाइल बघायला लागेल.

तरीही मी चिपळूण सोडलेलं नाही. गणपती, शिमगा, आंबे, माणसं. शिवाय रेल्वे. दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी चिपळूणला थांबते, डोंबिवलीकरांना याहून सोयीचं काय? फक्त पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू धावतात, तेव्हा घड्याळ घरी ठेवून निघायचं.

मंदारमाला | ९ जानेवारी, सकाळी ८:१०

जांभा +१. दापोलीबद्दल थोडं. उंचावर असल्याने हवा चिपळूणपेक्षा चांगली, समुद्र जवळ, कृषी विद्यापीठामुळे गावाला एक शिस्त आहे. पण रेल्वे नाही, उतरायचं खेडला आणि मग एसटी. पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या आणि वीज यायला काही वाड्यांना आठवडेच्या आठवडे लागले. अवांतर: हर्णैच्या लिलावाची मासळी एकदा खाल्ली की डोंबिवलीच्या बाजारातली तोंडाला लागत नाही.

खडूस | ९ जानेवारी, सकाळी ८:१४

मासळीवर गाडी आली. म्हणजे आता धागा संपला.

सातबारा | ९ जानेवारी, दुपारी १:५०

यजमानांचं कोकणप्रेम पाहता लवकरच तुमच्याकडे "पाच गुंठे, सी व्ह्यू, एन.ए." (म्हणजे बिगरशेती जमीन) असे फोटो यायला लागतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. माझं रोजचं काम हेच आहे.

शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाला सरळ विकत घेता येत नाही, कूळकायद्याने. यजमानांचं नाव गावच्या सातबारावर असेल तर ते शेतकरी ठरतात, तो उतारा आधी काढून ठेवा. भाऊबंदकीत अडकलेलं घर विकता नाही आलं तरी तो कागद उपयोगी पडतो.

"एन.ए. होणार आहे" हे वाक्य ऐकलं की उठायचं. झालेलं असेल तर आदेशाची प्रत दाखवा म्हणायचं. प्लॉटपर्यंत जाणारा रस्ता नकाशात आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर आहे, हे बघायचं. कोकणातली निम्मी भांडणं वाटेवरून आहेत आणि ती वाट तीस वर्षं बिनतक्रार वापरात असते, तुम्ही घर बांधायला घेतलं की बंद होते. सातबारावर सहहिस्सेदार किती, त्यातले मुंबईला किती, त्यातले वारलेले किती आणि वारसनोंद न झालेले किती, हे मोजायचं. "इतर हक्क" या रकान्यात कूळ, बोजा, काहीही निघू शकतं. मागचे सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढायचे. समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, वेगळं.

आणि मुळात ६० व्या वर्षी बांधकाम काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जांभ्याचा चिरा, वाळू, गवंडी, वायरमन, प्रत्येकामागे फिरायचं, आणि तेही भर उन्हात, कारण जूनच्या आत छप्पर पडायला हवं. तयार घर घ्या किंवा भाड्याने राहा.

कैरीपन्हं | ९ जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं.

सातबारा यांचा प्रतिसाद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. "सी व्ह्यू"चे फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये आधीच होते. आता त्यांनी फोन खिशात घातलाय.

जांभा, पूररेषेबद्दल माहीतच नव्हतं. खडूस, प्रश्न बरोबर आहे. सासूबाईंना बीपी आहे, दोन वर्षांपूर्वी एक स्टेंट घातलाय. वाईबद्दल अजून कोणी बोललं नाही, तिथलं कोणी आहे का?

घाटावरची | ९ जानेवारी, रात्री १०:१५

मी आहे ना! वाईची सून, गेली बरीच वर्षं गणपती आळीजवळ.

वाईत तुम्हाला पहिल्या दिवसापासून करमेल. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, घाटाघाटावरचे कृष्णामाईचे उत्सव, लोकमान्य टिळक ग्रंथसंग्रहालय, आमची स्वतःची वसंत व्याख्यानमाला (नाशिककरांनी ऐकून घ्यावं). मराठी विश्वकोशाचं कार्यालय इथेच, तेव्हा गावात शिकलेली, वाद घालणारी माणसं आहेत. पाऊस महाबळेश्वर-पाचगणीला कोसळतो, आमच्याकडे झेपेल इतकाच येतो. बाजार चालत. मंडईत वाटाणा आणि स्ट्रॉबेरी वरून उतरते.

पुणं नव्वदेक किलोमीटर, एरवी दोन तास. पण शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी खंबाटकी घाटात आणि सुरूर फाट्यापासून पुढे सगळी मुंबई-पुणं महाबळेश्वरला निघालेली असते. नातू नेमका शनिवारीच येणार ना? मग बुधवारी या म्हणावं.

वाईट बाजूही सांगते. जुन्या वाड्यांत भाड्याने खोल्या मिळतात, दिसायला सुंदर, पण पायऱ्या उंच, संडास लांब, आणि दर पावसाळ्यात एखादी भिंत फुगते. सासूबाईंना चालणार नाही. नव्या इमारती गावाबाहेर, वाई-सुरूर रस्त्याला किंवा पसरणीच्या बाजूला, तिथे मग पायी काही नाही. लिफ्टची इमारत आणि पायी बाजार, दोन्ही एकत्र वाईत कमी मिळतं. दवाखाने आहेत, मिशन हॉस्पिटल जुनं आणि नावाजलेलं, पण हृदयाचं काही निघालं तर सातारा, आणि मोठं काही असेल तर थेट पुणं.

परिचारिका | ९ जानेवारी, रात्री ११:४०

नाइट ड्युटीवरून लिहितेय, थोडक्यात लिहायचा प्रयत्न करते.

स्टेंट घातलेल्या ८३ वर्षांच्या पेशंटसाठी "गावात दवाखाना आहे का" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते हे: अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची सोय असलेलं हॉस्पिटल किती वेळावर आहे, आणि तिथला हृदयरोगतज्ज्ञ तिथेच राहतो की ठरलेल्या वारी बाहेरगावहून येतो. लहान गावांत फलकावर पाच तज्ज्ञांची नावं असतात आणि प्रत्येकासमोर "दर गुरुवारी", "पहिला व तिसरा शनिवार" असं लिहिलेलं असतं. हार्ट अटॅक गुरुवार बघून येत नाही. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि चांगलं काम करते, पण घाटरस्ता आणि कोसळता पाऊस तिलाही लागतोच.

दुसरं, मेडिक्लेम. तुमच्या पॉलिसीचं कॅशलेस त्या शहरातल्या कोणत्या हॉस्पिटलात चालतं, ती यादी कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून बघा. मुंबई-ठाण्यात पानभर यादी येते, तालुक्याच्या गावी कधीकधी एकही नाव येत नाही. आधी खिशातून भरून नंतर मागायचे असतील तर तेवढी रक्कम हाताशी ठेवावी लागेल.

तिसरं कोणीच विचारत नाही. उद्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तर दिवसाची बाई आणि रात्रीची बाई कुठून आणणार? नाशिक-पुण्यात ब्युरो आहेत, महाग आहेत, दर दोन महिन्यांनी बाई बदलते, पण मिळते. कोकणातल्या वाड्यांत माणूसच नाही, तरुण सगळे मुंबईला. घरी येऊन रक्त घेऊन जाणारा, फिजिओथेरपिस्ट, डायपर पोचवणारं औषधाचं दुकान, हे सगळं गृहीत धरायची सवय आपल्याला डोंबिवली-ठाण्याने लावलेली असते.

चिपळूणसाठी एक चांगली गोष्ट: सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, त्याला वैद्यकीय महाविद्यालयही जोडलेलं आहे. त्यामुळे चिपळूण ते सावर्डे हा पट्टा दापोलीपेक्षा या बाबतीत उजवा.

जांभा | १० जानेवारी, सकाळी ७:२०

परिचारिका यांना पूर्ण अनुमोदन. डेरवणमुळे आमच्याकडचे कितीतरी लोक मुंबईची वारी टाळतात.

काल राहिलेलं आज लिहितो. लोक कोकण बघायला येतात नोव्हेंबर ते मे. राहायचं असतं जून ते ऑक्टोबरसुद्धा. कपाटातल्या रेशमी साड्यांवर बुरशी येते, चपलांवर येते, पापडांवर येते, पुस्तकांचं तर विचारू नका. कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. जूनच्या आधी आगोटीची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) बेगमी करायची ती हौस म्हणून नव्हे. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला की मेणबत्ती, आणि वायरमनला फोन केला तर तो दुसऱ्या वाडीत खांबावर चढलेला असतो, त्याचाही दोष नाही.

आणि एवढा पाऊस पडून एप्रिल-मेमध्ये पाणी नाही. जांभा दगड सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही, उताराने समुद्राला जातं. विहिरी तळाला जातात आणि टँकर सुरू होतात. शहरात नळाला येतं, पण बंगल्याच्या स्कीममध्ये "बारमाही विहीर" लिहिलेलं असेल तर ती मे महिन्यात जाऊन बघायची.

माकडं-वानरं वेगळी. कौलं फोडतात, नारळ पाडतात, शेवग्याचं झाड ठेवत नाहीत.

मंदारमाला | १० जानेवारी, सकाळी ९:०५

जांभा, तुम्ही कोकणचे आहात की कोकणाविरुद्ध साक्षीला आला आहात? :)

जांभा | १० जानेवारी, सकाळी ९:१२

ताईंनी गोड नको म्हटलंय ना! पर्यटन खात्याला वेगळं पत्र लिहितो.

बाणेरकर_पोरगा | १० जानेवारी, दुपारी ४:२५

मी तुमच्या मुलाच्या बाजूने बोलतो, कारण माझे आई-बाबा रत्नागिरीला आणि मी पुण्यात.

ते तिथे आनंदात आहेत, हे पहिलं मान्य. पण फोन वाजला आणि स्क्रीनवर अवेळी "बाबा" दिसलं की पोटात गोळा येतो. जुलैत निघालो की कुंभार्ली घाट चालू आहे का, आंबा घाटात दरड आली का, हे बघत बघत निघायचं. नोकरीत सुट्टी मागताना "वडील ॲडमिट" हे कारण किती वेळा सांगणार? बायकोचे आई-वडील सोलापूरला, तिकडेही तेच.

म्हणून विचारतो, यादीत पुणंच का नाही? आमच्या घरात राहा असं मी म्हणत नाही, दोन्ही पिढ्यांना मोकळीक हवी. पण कोथरूड, सिंहगड रोड, चिंचवड, इथे वेगळं घर भाड्याने घेतलं तर काय बिघडेल? वनाझवरून मेट्रो आहे. संकटात मी अर्ध्या-पाऊण तासात पोचतो.

कैरीपन्हं | १० जानेवारी, रात्री ८:५०

बाणेरकर, तुझं वाचून गलबललं रे. आमचा मुलगा हे असं बोलून दाखवणार नाही, पण त्याच्या मनात हेच असणार.

पुणं यादीत नाही कारण यजमान म्हणतात, "एका गर्दीतून उठून दुसऱ्या गर्दीत कशाला?" आणि खरं सांगायचं तर, पुण्यात गेले की मी नातू सांभाळणारी आजी होणार, पूर्णवेळ. नातू लाडका आहे. पण चौतीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं, आता मला स्वतःला वाचायचंय. हे सुनेला सांगितलं तर ती समजून घेईल, मीच "नाही" म्हणू शकणार नाही. म्हणून दोन-तीन तासांचं अंतर हवं. स्वार्थी वाटत असेल तर वाटू दे.

खडूस | १० जानेवारी, रात्री ९:०२

या धाग्यावरचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य. स्वार्थी अजिबात नाही.

मात्र तो निकष लावला तर नाशिक ते पुणे रस्त्याने पाच तास धरा, नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण सगळं पार करत. दोन शहरांमधल्या सरळ रेल्वेची चर्चा माझे केस काळे होते तेव्हापासून चालू आहे.

एकटी_पण_बरी | १० जानेवारी, रात्री ११:१८

सहसा लिहीत नाही, पण इथे लिहावंसं वाटलं.

आम्ही दोघं दापोलीजवळ बंगल्यांच्या स्कीममध्ये राहायला गेलो. यांची फार हौस. सुंदर घर बांधलं, चिकू-आंबा लावला, सकाळी समुद्राचा वारा. पाच वर्षं खरोखर सुखाची गेली. मग हे गेले.

त्या स्कीममध्ये बावीस बंगले. कायम राहणारे तीन. बाकीचे शुक्रवारी रात्री गाड्या घेऊन येतात, रविवारी दुपारी कुलपं लावतात. सोमवार ते गुरुवार माझ्या घराच्या दोन्ही बाजूंना अंधार. पंप बिघडला, साप निघाला, गॅस संपला, प्रत्येक गोष्ट हे बघायचे. मला स्कूटर येत नाही, रस्त्याला रिक्षा नाही. बिबट्या दिसल्याची बातमी आली की संध्याकाळी सहाला दारं बंद.

बंगला विकला आणि दापोली गावातच, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर फ्लॅट घेतला. खाली किराणा, वर बँकेतले निवृत्त जोडपे, समोर डॉक्टर. भजनी मंडळ आहे, सहलीला जातो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ७५ नंतर तर फुकट, म्हणून मी सारखी कुठे ना कुठे निघालेली असते. दापोली सोडावीशी मला एकदाही वाटली नाही. 

कैरीपन्हं ताई, जागा बघायला जाल तेव्हा यजमानांना बरोबर नेऊ नका. एकदा तुम्ही एकट्या जा आणि एकदा त्यांना एकटं पाठवा. पिशवी घेऊन भाजी आणा, बँकेत जा, दवाखान्यात नंबर लावून बघा. तुम्हाला एकटीला जमलं आणि त्यांना एकट्याला जमलं, तर ते घर.

घाटावरची | १० जानेवारी, रात्री ११:४५

एकटी_पण_बरी, तुमच्या पाया पडते.

सातबारा | ११ जानेवारी, सकाळी १०:३०

वरचा प्रतिसाद छापून लावावा असा आहे. आता व्यवहाराचं.

ताई, तुमच्या हातात एक फार चांगली गोष्ट आहे ती कोणाच्या लक्षात आली नाही. बिल्डर भाडं देणार आहे. म्हणजे डोंबिवलीचा फ्लॅट आत्ता विकायची गरजच नाही. इमारत पाडल्यावर आणि नवी उभी राहायच्या आत विकलात तर भावही पडून मिळतो. ते भाडं डोंबिवलीच्या दराचं असणार, त्यात वाई, चिपळूण, नाशिक कुठेही ऐसपैस घर मिळेल. चार वर्षांत जे गाव आवडेल तिथे मग विकत घ्या. घर विकून घर घेतलं तर भांडवली नफ्यावरच्या करात सवलत असते, पण तिला मुदत आहे: विक्रीनंतर दोन वर्षांत घेतलं पाहिजे, बांधणार असाल तर तीन. म्हणून उगाच आधी विकून पैसे बँकेत ठेवून बसू नका.

मात्र बिल्डरचं भाडं थांबू शकतं, आजूबाजूला बघताय ना. पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत आहे का, बँक गॅरंटी आहे का, प्रकल्प महारेरावर आहे का, हे सोसायटीत विचारा. भाडं थांबलं तरी पेन्शनीतून चालेल असंच घर घ्या. 

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करायचीच, आपल्या राज्यात ती सक्तीची आहे. मालक म्हणेल कशाला खर्च. नोंदवा.

जांभा | ११ जानेवारी, सकाळी १०:५२

आणि करार जूनपासून करा. पहिले चार महिने पावसाचे गेले पाहिजेत. ऑक्टोबरात राहायला आलात तर मेपर्यंत प्रेमात पडाल आणि पावसाळ्याआधी विसार देऊन मोकळे व्हाल. असे पुष्कळ पाहिलेत.

कैरीपन्हं | १३ जानेवारी, रात्री ९:४०

दोन दिवस आले नाही कारण घरात चर्चासत्र चालू होतं.

सगळं वाचून झाल्यावर यजमान म्हणाले, ठीक, विकत नको, पण भाड्याने तरी चिपळूण. आईलाही शेवटची वर्षं आपल्या मुलखात काढता येतील. सासूबाई इतका वेळ जपमाळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी माळ बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्या नावावर कोण कोकणात जातंय? उमेदीची सगळी वर्षं ओली लाकडं फुंकत, विहिरीवरून कळशा आणत काढली. तुझे बाबा डोंबिवलीला घेऊन आले तेव्हा नळ सोडून बघत बसले होते मी. मला गच्ची, लिफ्ट आणि डॉक्टर जिथे असेल तिथे न्या. कोकण तुला हवंय, तर तू जा गणपतीला."

यजमान काही बोलले नाहीत. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, आईला असं वाटत असेल हे कधी डोक्यातच आलं नाही.

तर चिपळूण सध्या बाजूला. वाई आणि नाशिक राहिलेत. वाईला मी पुढच्या आठवड्यात एकटी जाऊन येते, एकटी_पण_बरी यांच्या पद्धतीने. घाटावरची, तुमच्या पसरणीकडच्या लिफ्टच्या इमारतींपासून रिक्षा नियमित मिळते का? आणि सातारच्या हॉस्पिटलात कॅशलेस तपासलं, आमच्या पॉलिसीची दोन नावं दिसतात.

घाटावरची | १३ जानेवारी, रात्री १०:०५

सकाळी मिळते, संध्याकाळी सातनंतर मिळत नाही. पण रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवला की येतो. पुढच्या आठवड्यात आलात की आमच्याकडे जेवायलाच या, निरोप पाठवते. गावातच, बाजारालगत एक लिफ्टची इमारत आहे, तिथे वर्षातून एखादा फ्लॅट रिकामा होतो. विचारून ठेवते.

गोदाकाठचा | १३ जानेवारी, रात्री १०:३०

सासूबाईंची वाक्यं वाचून नाशिकचा दावा मी परत मांडतो: गच्ची, लिफ्ट, डॉक्टर तिन्ही एकाच चौकात. नणंदही आहे, म्हणजे तुम्ही कॅनडाला गेलात तर सासूबाईंजवळ घरचं माणूस.

परिचारिका | १४ जानेवारी, पहाटे ५:१०

लिफ्टला जनरेटर आहे का ते दोन्हीकडे विचारा. आणि स्ट्रेचर आत मावतं का, तेही मोजून घ्या. बऱ्याच चार-पाच मजली इमारतींत मावत नाही. मग पेशंटला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवावं लागतं. पहिला मजला मिळाला तर तोच घ्या.

कैरीपन्हं | १४ जानेवारी, सकाळी ८:००

टेप बॅगेत टाकली. तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

खडूस | १४ जानेवारी, सकाळी ८:०९

घेतला. नणंदेचं घर ते तुमचं होऊ घातलेलं नाशिकचं घर, चालत किती मिनिटं, हेही त्याच टेपने मोजा. फार जवळ नको.